छेदात कोण

रात्री बारानंतर डेटा स्वस्त होतो,
म्हणून माझं विद्यापीठ बाराला उघडतं.
दिवसा मी सिस्टर नासिलेले,
रात्री नुसता एक विद्यार्थी क्रमांक, शेवटी तीन शून्यं आणि सात.

बॅटरी एकच आहे.
तिच्यावर आधी लशींचा फ्रिज,
मग बाळंतपणाच्या खोलीतला दिवा,
मग मी.
आज कुणी अडलेलं नाही. दिवा बंद.
तेवढा उजेड माझ्या फोनच्या वाट्याला.

प्राध्यापक बाई कुठल्याशा थंड देशात
खिडकीकडे पाठ करून बसल्यात.
"आजाराचा दर सांगितला कुणी, की आधी विचारा," म्हणतात,
"छेदात –"
आणि अडकतात. तोंड उघडं, हात हवेत,
कपाळावर ते गोल गोल फिरणारं चक्र.
मी थांबते. एक डास मारते.
चार मिनिटांनी वाक्य पुरं होतं:
"– कोण आहे?"

रजिस्टर म्हणतं, पाच वर्षांखालची मुलं चारशे बारा.
गेल्या साली चारशे बारा. त्याआधीही चारशे बारा.
कुणीतरी एकदा मोजली आणि पोरं तिथंच थांबली,
जन्मली नाहीत, मोठी झाली नाहीत, गेली नाहीत.

आमच्याकडे गाव एका जागी बसत नाही, बाई.
झांबेझी चढली की उंचवटे बुडायला लागतात,
माणसं चटया, कोंबड्या, पातेली मोकोरोत घालून
कडेच्या वाळूवर येतात,
पाणी ओसरलं की परत.
छेद असा होडीत बसून येतो-जातो.
अंश मात्र, जुलाबाचे तेवीस,
पाठुंगळी बसून माझ्या दारात.

रविवारी न्दाते मुबितांना म्हटलं, होडी काढा.
"मासे नाहीत, लग्न नाही, कशाला?"
मोजायला.
"कुणाला?"
जे आजारी नाहीत त्यांना.
त्यांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं.
"पस्तीस वर्षांत," म्हणाले, "असं गिऱ्हाईक नाही बघितलं."

असे सहा रविवार.

चौथ्या रविवारी इनोंगेच्या उंचवट्यावर विचारलं, मुलं किती?
"तीन."
तिनं मला आंबट दूध दिलं. चटईची एक काडी ओढत बसली.
मग, "चार म्हणू का?
एक पुरात झाला. आठ दिवस होता.
नाव अजून ठरत होतं."
माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.
दवाखान्यात आला नाही, म्हणून वर नाही.
कुठे नोंदला नाही, म्हणून खाली नाही.
मी पेन्सिलीनं त्याला
मधल्या रेघेवर ठेवलं.

भरली पाचशे अठ्ठ्याऐंशी.
छेद वाढला तसा दर उतरला,
एकाही पोराला मिठासाखरेचं पाणी न पाजता
आजार कमी झाला, नुसत्या भागाकारात.
जिल्ह्याचे साहेब खूश झाले असते.
पण घराघरांत आणखी अकरा आजारी सापडले होते,
ते वर चढवले,
आणि दर जिथून निघाला होता
जवळजवळ तिथंच येऊन बसला.

मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होते.
एक खुर्चीत बसून केलेला,
एक हाताला फोड आणून.
दशांश चिन्हापुढंच काय तो फरक.
मुबितांना सांगायचं राहिलंय.

काल तपासलेला पेपर आला.
समासात बाईंची लाल ओळ:
"छान. पण छेदाचा स्रोत दिला नाहीत."

जनगणना, वर्ष, पान, असं लिहायचं असतं.
मी लिहिते: होडी.
खोडते.
लिहिते: सहा रविवार, आणि इनोंगे, जिनं आधी तीन सांगितले.
हेही चालणार नाही.

फ्रिज गुरगुरून सुरू होतो.
त्याची पाळी आधी.
मी चार्जर काढते,
फोनमध्ये नऊ टक्के उरलेत,
आणि पान अजून चढतंय.